लेकरांची खावटी माफ करण्याचा हक्क कुणालाच नाही

खुलाच्या कागदाचा शेवटचा परिच्छेद बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. नोटरीकडचा टायपिस्ट तो जुन्या फायलीतून उचलतो, नावे बदलतो आणि छापतो. साधारण मजकूर असा: लिहून देणार हिने मेहर, इद्दतचा खर्च, स्वतःची व अज्ञान मुलांची खावटी असे सर्व हक्क राजीखुशीने सोडून दिले असून यापुढे ती किंवा मुले लिहून घेणार याच्याविरुद्ध कोणताही दावा करणार नाहीत. खाली बाईची सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार आणि पुष्कळदा जमातीचा शिक्का.

या मजकुरातल्या 'अज्ञान मुलांची' या दोन शब्दांविषयी मला लिहायचे आहे.

मेहर बाईची आहे. ती तिने सोडली तर निदान सोडणारी आणि जिचे होते ती एकच व्यक्ती असते. इद्दतचा खर्चही तिचाच. पण चार वर्षांच्या मुलीच्या दुधाचे, शाळेच्या फीचे, रात्री ताप चढला तर डॉक्टरला द्यायचे पैसे त्या मुलीचे आहेत. तिने कुणाला मुखत्यारपत्र दिलेले नाही. कागद झाला तेव्हा ती बहुधा नानीच्या मांडीवर बसून बिस्कीट खात होती. तरीही तिच्या पुढच्या चौदा वर्षांचा हिशेब तिथे मिटवला जातो, आणि हजर असलेल्या दहा-बारा शहाण्या माणसांपैकी कुणालाही त्यात काही वावगे वाटत नाही.

बाई सही का करते, हे समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे खुला मागणाऱ्या बाईला नवऱ्याचा होकार लागतो, निदान व्यवहारात तरी तसेच चालते. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने तिला कोर्टाचा रस्ता दिला आहे, पण तो लांबचा आहे. तारखा पडतात, वकिलाची फी वाढते, माहेरी भावजय कुरकुर करू लागते. त्यामुळे ती जमातीकडे येते. तिकडे नवरा आधी मेहर माफ करायला लावतो. ती करते. मग दागिने जातात. द्यायला काही उरले नाही की शेवटी मुलांचा विषय येतो: "मूल तुला पाहिजे ना? मग खावटी मागायची नाही. खावटी पाहिजे तर मूल आमच्याकडे दे."

हा सौदा इतका रूढ झाला आहे की तो पुष्कळांना शरियतचाच नियम वाटतो. आई मूल ठेवते म्हणजे खर्चही तिचा, आणि बाप खर्च करणार असेल तर मूल त्याचे. सल्ल्याला येणाऱ्या कित्येक बायका सुरुवातच अशी करतात: "मी खावटी मागितली तर तो पोर घेऊन जाईल का?" या भीतीपोटी त्या शिवणकाम करतात, डबे करतात, शाळेत मदतनीस म्हणून लागतात आणि बापाकडे एक रुपया मागत नाहीत. बापाला हे पक्के ठाऊक असते.

आता फिकह काय सांगतो ते पाहू, कारण शिक्का तर दीनच्या नावाने मारला जातो. हिजानत, म्हणजे लहान मुलाचा सांभाळ, आणि नफका, म्हणजे त्याचा खर्च, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिजानतीचा पहिला हक्क आईचा. नफक्याची जबाबदारी बापाची. मूल आईकडे असतानाही ती बापाचीच राहते; किंबहुना तेव्हाच तिचा खरा अर्थ आहे. सूरह बकरामधली दूध पाजण्याबद्दलची आयत (२:२३३) दोन वर्षांच्या दुधाविषयी बोलते, पण त्याच ठिकाणी आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर टाकते. मुलाच्या निमित्ताने आईला त्रास देऊ नये आणि बापालाही देऊ नये, असेही तिथे बजावले आहे. सूरह तलाकमध्ये ऐपतदाराने आपल्या ऐपतीने आणि तंगीत असलेल्याने आपल्या तंगीप्रमाणे खर्च करावा, असे सांगितले आहे. खावटीच्या रकमेवरून घासाघीस करणाऱ्या बैठकीत ही आयत कुणी वाचलेली मी तरी ऐकलेली नाही.

हिंद बिंत उतबाची हदीस प्रसिद्ध आहे. नवरा हात आखडता घेतो, मला आणि मुलांना पुरेल इतके देत नाही, अशी तक्रार तिने प्रेषितांकडे केली. तुला आणि तुझ्या मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके त्याच्या मालातून घे, असे तिला सांगण्यात आले. 'तुला आणि मुलांना' असे ते आहे. मुलांचा हिस्सा वेगळा मोजलेला आहे.

त्याहून बोलका प्रसंग हजरत उमर यांचा आहे. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये तो येतो. उमर यांनी आसिमच्या आईला तलाक दिला होता. एक दिवस ते कुबाला गेले. मशिदीच्या अंगणात लहानगा आसिम खेळताना दिसला. त्यांनी त्याला दंडाला धरून उचलले आणि आपल्यापुढे जनावरावर बसवले. मुलाच्या नानीने त्यांना गाठले आणि मूल सोडायला नकार दिला. दोघे भांडत खलिफा अबू बकर यांच्यापुढे आले. तो आपला मुलगा आहे असे उमर म्हणाले, तो आपला मुलगा आहे असे नानी म्हणाली. अबू बकर यांनी निकाल दिला की मूल तिच्याकडेच राहू दे. उमर पुढे एक शब्द बोलले नाहीत.

या प्रसंगातली माणसे पाहा. समोर उमर आहेत, ज्यांच्यापुढे आवाज चढवायला भलेभले कचरत. तिकडे एक म्हातारी. निकाल तिच्या बाजूने जातो, तोही बापाच्या सर्वांत जवळच्या सहकाऱ्याकडून. आपल्या जमातीत सदर साहेबांच्या पुतण्याचे प्रकरण आले तर काय होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट या प्रसंगातून कळते. मूल नानीकडे होते. आईने दुसरा निकाह केला की मूल आपोआप बापाचे, ही आपल्याकडची दुसरी पक्की समजूत. हनफी मांडणीत आईने मुलाच्या नात्याबाहेरच्या माणसाशी निकाह केला तर तिची हिजानत जाते हे खरे, पण ती बापाकडे उडी मारत नाही. आधी नानी, मग दादी, मग बहिणी, मावश्या अशी ओळ आहे. बाप बराच मागे उभा आहे. तरुण तलाकशुदा बायका केवळ मूल जाईल म्हणून दुसरा निकाह करत नाहीत, आयुष्य तसेच काढतात. बापाने मात्र तलाकनंतर तिसऱ्या महिन्यात वलीमा केला तरी त्याच्या हक्काला धक्का लागल्याचे कुणी बोलत नाही.

वयाचेही तसेच. हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे, हे सगळ्यांना पाठ आहे. पण कोकणातले आपले बहुसंख्य लोक शाफई आहेत आणि शाफई परंपरेत मूल जाणते झाले की कुणाकडे राहायचे हे त्यालाच विचारावे असे आहे. रत्नागिरी-रायगडच्या बैठकांत सात वर्षे झाली म्हणून मुलगा उचलून बापाकडे दिला जातो तेव्हा कुणाच्या फिकहाने दिला, हा प्रश्न विचारायला हवा. एका मुलाला आई आणि बाप दोन्ही दाखवून प्रेषितांनी निवड करायला सांगितल्याची आणि त्याने आईचा हात धरल्याची हदीस आहेच.

प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवतो. खुलाच्या बदल्यात मुलाचा खर्च काही काळ आईने उचलण्याचे कबूल करावे, असा करार जुन्या फकीहांनी काही प्रकारे मान्य केलेला आहे. आपले काझी साहेब त्यावर बोट ठेवतात. पण त्याच चर्चेत पुढे असेही आहे की आईला ते झेपेनासे झाले तर खर्च पुन्हा बापावर येतो, मुलाला उपाशी ठेवता येत नाही. आणि हिजानत सोडण्याची अट घातली तर हनफी ग्रंथांप्रमाणे खुला होतो, पण अट बातिल ठरते, कारण सांभाळ हा मुलाचाही हक्क आहे. सोयीचे पान उघडायचे आणि पुढचे उलटायचे नाही, याला फिकह म्हणत नाहीत.

कायद्याकडे वळू. इथे घोळ घातला तो १९८६ च्या कायद्याने. शाहबानो निकालानंतर झालेल्या त्या कायद्यात तलाकशुदा बाईला मुलाच्या जन्मापासून दोन वर्षे मुलासाठी वाजवी खर्च मिळावा असे कलम आहे. त्यावरून नवऱ्यांच्या वकिलांनी अर्थ काढला की मुस्लिम बापाची जबाबदारी दोन वर्षांनी संपते. बिहारमधल्या नूर सबा खातून यांच्या प्रकरणात हेच झाले. तीन लहान मुले होती आणि खालच्या कोर्टाने प्रत्येक मुलाला महिना १५० रुपये मंजूर केले होते. मग नवऱ्याने तलाक दिला आणि नवीन कायद्याचा आधार घेऊन रक्कम बंद करण्याची मागणी केली. पाटणा उच्च न्यायालयाने मुलांचा हक्कही दोन वर्षांपुरता आखडला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दोन वर्षांची ती रक्कम आईची, दूध पाजण्याच्या काळातल्या गरजेसाठी. मुलांचा हक्क स्वतंत्र आहे, तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधून येतो, आईच्या तलाकने त्याला बाधा येत नाही. मूल सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःचे भागवू शकेपर्यंत आणि मुलीच्या बाबतीत तिच्या लग्नापर्यंत बाप बांधलेला आहे, असे न्यायालयाने म्हटले. मुस्लिम कायदाही हेच सांगतो, हेदेखील त्याच निकालात आहे.

हा निकाल होऊन पाव शतक उलटून गेले. तरी 'दोन वर्षे' अजून बैठकीत ऐकू येते. गेली साठ वर्षे, म्हणजे १९६६ च्या हमीद दलवाईंच्या मोर्च्यापासून, आपला सगळा वाद तलाकच्या पद्धतीवर आणि बाईच्या पोटगीवर झाला. तो व्हायलाच हवा होता. पण शाहबानोच्या बाजूने आणि विरोधात रस्त्यावर उतरलेल्या दोन्ही गटांना त्या कायद्यातल्या मुलांच्या कलमाची फारशी फिकीर नव्हती. २०१९ च्या कायद्यातही तसेच. त्यात झटपट तलाक मिळालेल्या बाईला स्वतःसाठी आणि मुलांसाठी निर्वाह भत्ता आहे, अज्ञान मुलांच्या ताब्याचेही कलम आहे. चर्चा मात्र फक्त तीन वर्षांच्या कैदेची झाली. बाप आत गेला तर भत्ता कोण देणार, हे विचारणाऱ्यांना तेव्हा मुल्लांचे वकील ठरवले गेले.

ताब्याचा कायदा १८९० चा आहे, पालक आणि पाल्य अधिनियम. त्याच्या कलम १७ मध्ये मुलाचे हित पाहायला सांगितले आहे: त्याचे वय, लिंग, धर्म, पालकाचे चारित्र्य आणि ऐपत, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंती. व्यक्तिगत कायदा विचारात घेतला जातो, पण शेवटचा शब्द त्याचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अथर हुसेन प्रकरणात, बाप हयात आणि मुस्लिम कायद्याने पालक असतानाही, दावा चालू असेपर्यंत मुले आईकडच्या नातेवाइकांकडे राहू दिली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही नऊ वर्षांच्या मुस्लिम मुलाचा ताबा आईकडेच ठेवला. सात वर्षांचा नियम पुढे केला गेला होता. मुलाचे हित आणि व्यक्तिगत कायदा समोरासमोर आले तर हिताचे पारडे जड, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा 'खावटी मागितली तर पोर घेऊन जाईल' या धमकीत कायद्याचा काडीइतका आधार नाही. मागणी केली म्हणून कुणी मूल गमावत नाही.

बापांचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. दर महिन्याला पैसे पाठवणारे, पण ईदला मुलाचे तोंड न दिसलेले बाप मला माहीत आहेत. आखातातून दोन वर्षांनी महिन्याच्या सुट्टीवर आलेला माणूस मुलीसाठी बाहुली घेऊन तिच्या नानाच्या दारात उभा राहतो आणि आतून सांगतात, ती झोपली आहे. हा अन्याय आहे आणि तो त्या मुलीवरही आहे. पण याचा उपाय खावटी रोखणे हा नव्हे. भेटीचा हक्क मागायला कोर्ट आहे, समुपदेशक आहेत. पैसे थांबवले तर उपाशी कोण राहते? ज्या मुलीला भेटायचे आहे तीच. तसेच आईनेही पैसे आले नाहीत म्हणून भेट बंद करू नये. दोन्ही गोष्टी मुलाच्या आहेत. एकीच्या बदल्यात दुसरी ओलीस ठेवायला त्या आईबापांच्या नाहीत.

आई कमावती असेल तर? हाही प्रश्न रास्त आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रजनीश विरुद्ध नेहा प्रकरणाचा २०२० चा निकाल याबाबत स्पष्ट आहे. आई पुरेसे कमावत असेल तर मुलाचा खर्च दोघांत ऐपतीच्या प्रमाणात वाटला जाऊ शकतो. आईला नोकरी आहे म्हणून बाप मोकळा होत नाही. त्याच निकालाने दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. गॅरेज भावाच्या नावावर, रिक्षा मेहुण्याच्या नावावर आणि आपण 'बेरोजगार', हा प्रयोग त्यामुळे पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. बंद झाला असे मात्र म्हणवत नाही.

मग जमातींनी काय करावे? पहिले काम फुकटचे आहे. खुलाच्या नमुन्यातून 'मुलांची खावटी' हे शब्द खोडावेत. त्या सोडचिठ्ठीने मूल बांधले जात नाही. आईने सही केली असली तरी मुलाचा अर्ज चालतो. म्हणजे जमात आपल्या शिक्क्याने असा कागद देते ज्याचा कोर्टात उपयोग शून्य, पण बाईला घाबरवायला पुरेपूर. दुसरे, मुलांसाठी वेगळे पान करावे. मूल कुणाकडे राहील, महिना रक्कम किती, ती दरवर्षी किती वाढेल, शाळेची फी आणि दवाखाना वेगळा की त्यातच, पैसे आईच्या बँक खात्यात कोणत्या तारखेपर्यंत जमा होतील, रमजान ईदला मूल कुठे आणि बकरी ईदला कुठे, उन्हाळी सुट्टीतले किती दिवस, बाप परदेशी असेल तर व्हिडिओ कॉल कधी. रक्कम जमातीच्या माणसाच्या हातून देण्याची पद्धत बंद करावी. तिच्यातून हिशेबाचे वाद होतात आणि बाईला दर महिन्याला कुणाच्या तरी दुकानासमोर उभे राहावे लागते. मूल सात-आठ वर्षांचे असेल तर त्याला एखाद्या समजूतदार बाईने बाजूला घेऊन विचारावे, बैठकीत सगळ्यांसमोर नव्हे. मग ते पान कुटुंब न्यायालयात दाखल करून त्यावर आदेश घ्यावा, म्हणजे त्याला वजन येईल.

आणि बैठकीत बायका असाव्यात. आसिमची नानी स्वतः बोलायला आली होती. आपण तिला दाराबाहेर चटईवर बसवतो.

ज्या बहिणींनी आधीच असा कागद लिहून दिला आहे त्यांच्यासाठी. मुलाच्या नावाने खावटीचा अर्ज करता येतो. पूर्वीचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. तलाकशुदा मुस्लिम बाईचा स्वतःचा हक्कही त्यात शाबूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातल्या प्रकरणात १० जुलै २०२४ ला सांगितले आहे. अर्ज तुम्ही राहता तिथल्या कोर्टात चालतो, नवऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. निकालापर्यंत अंतरिम खावटी मागावी. आदेश झाल्यावर तो पैसे देत नसेल तर वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत करावा. पुष्कळ बायका 'देईल, देईल' म्हणत तीन वर्षे थांबतात आणि जुनी थकबाकी त्या मार्गाने हातची जाते. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी त्याला महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते आणि कैद भोगली म्हणून रक्कम फिटत नाही. वकील करायला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. बाई किंवा मूल असेल तर उत्पन्नाची अट नाही. सोबत मुलाचा जन्मदाखला, शाळेच्या फीच्या पावत्या, औषधांची बिले, निकाहनामा आणि तो खुलाचा कागदही न्यावा. लपवू नका. वकिलाला तो पाहू द्या.